मौखिक कथन आणि लिखित भाषा : नॉर्वेजियन लोककथापरंपरेचा एक अभ्यास

१. प्रास्ताविक

लोककथेचे संकलन म्हणजे लोकांच्या तोंडून ऐकलेल्या कथा कागदावर उतरवून घेणे, अशी एक सोपी समजूत आपल्याकडे रूढ आहे. प्रत्यक्षात ही क्रिया इतकी सरळ नसते. कथक बोलतो तेव्हा त्याचा आवाज, त्याचे थांबणे, समोरच्या श्रोत्यांची जाण, चुलीचा उजेड आणि हातातले काम हे सारे त्या कथेचाच भाग असते. कागदावर यांपैकी काहीच आपोआप येत नाही. संकलकाला भाषेची निवड करावी लागते, काही गाळावे लागते आणि काही नव्याने घडवावे लागते. म्हणूनच संकलित लोककथा हे मौखिक कथनाचे केवळ प्रतिबिंब नसून ते एक वेगळे वाङ्मयीन रूप असते.

या प्रक्रियेचा अभ्यास करण्यासाठी नॉर्वेचे उदाहरण विशेष उद्बोधक ठरते. एकोणिसाव्या शतकात तेथे लोककथांचे संकलन सुरू झाले तेव्हा त्या देशाला स्वतःची म्हणता येईल अशी प्रमाण लेखनभाषाच नव्हती. कथा नॉर्वेजियन बोलींत सांगितल्या जात होत्या आणि लेखन मात्र डॅनिशमध्ये होत होते. त्यामुळे कथा कोणत्या भाषेत लिहायची, हा संकलकांपुढील प्रश्न पुढे साऱ्या राष्ट्राच्या भाषेचा प्रश्न बनला. कथनाकडून लेखनाकडे जाताना नॉर्वेजियन लोककथेने काय टिकवले, काय गमावले आणि काय नव्याने निर्माण केले, याचा शोध घेणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

२. पूर्वपरंपरा : सावत्र आईच्या कथा

नॉर्वेतील कथाकथनाची परंपरा एकोणिसाव्या शतकात जन्मली नाही, हे प्रथम लक्षात घेतले पाहिजे. जुन्या नॉर्स भाषेतील सागावाङ्मयात या परंपरेचे ओझरते पण अर्थपूर्ण उल्लेख सापडतात. बाराव्या शतकाच्या अखेरीस ओद्द स्नोर्रासोन या आइसलँडमधील मठवासी लेखकाने नॉर्वेचा राजा ओलाव्ह त्रिग्वासोन याचे चरित्र लिहिले. त्याच्या प्रस्तावनेत गुराखी पोरे सांगतात त्या 'सावत्र आईच्या कथां'चा त्याने तुच्छतेने उल्लेख केला आहे. त्या कथा खऱ्या की खोट्या हे कोणालाच ठाऊक नसते आणि त्यांत राजाला नेहमी सर्वांत क्षुद्र ठरवले जाते, अशी त्याची तक्रार आहे. नॉर्वेचा राजा स्वेर्रे (मृत्यू १२०२) याच्या सागेतही अशा जुन्या कथांतील शापित राजपुत्रांचा दाखला येतो. असत्य कथा सर्वांत मनोरंजक असतात, असे याच राजाचे मत असल्याचे दुसऱ्या एका सागेत नमूद आहे.

या उल्लेखांवरून दोन गोष्टी स्पष्ट होतात. पहिली, सागा लिहिणाऱ्या विद्वानांच्या शेजारीच एक बिनलिखित कथाविश्व नांदत होते आणि त्याचे कथक समाजाच्या तळातील होते. दुसरी, या कथाविश्वात राजसत्तेकडे पाहण्याची दृष्टी दरबारी नव्हती. राजाला क्षुद्र ठरवणारी ही दृष्टी सहाशे वर्षांनंतर संकलित झालेल्या कथांतही आढळते. त्याचा विचार पुढे केला आहे.

३. संकलनाचा आरंभ

इ. स. १८१४ मध्ये नॉर्वेचा डेन्मार्कशी असलेला सुमारे चार शतकांचा संबंध संपला. त्या वर्षी १७ मे रोजी देशाने स्वतःची राज्यघटना स्वीकारली. परंतु लगेचच स्वीडनशी संयुक्त राज्याचे बंधन आले आणि ते १९०५ पर्यंत टिकले. राज्यघटना होती, १८११ साली स्थापन झालेले विद्यापीठ होते. पण 'आपले' असे वाङ्मय फारसे नव्हते. जर्मनीत ग्रिम बंधूंचे कथासंग्रह १८१२ ते १८१५ या काळात प्रसिद्ध झाले होते. त्यांच्या प्रेरणेने आपल्या शेतकऱ्यांच्या तोंडी असलेल्या कथांकडे नॉर्वेतील तरुण विद्वानांचे लक्ष वळले. आंद्रेआस फाये यांचा दंतकथांचा संग्रह १८३३ साली प्रसिद्ध झाला; परंतु त्यातील कथन आटोपशीर आणि सारांशवजा होते. कथा होत्या, कथकाचा आवाज नव्हता.

हा आवाज प्रथम ऐकू आला तो पेतेर क्रिस्तेन आस्ब्यर्नसेन (१८१२–१८८५) आणि यर्गेन मू (१८१३–१८८२) यांच्या संग्रहात. आस्ब्यर्नसेन हे राजधानी क्रिस्तियानिया (आजचे ऑस्लो) येथील काचकाम करणाऱ्या कारागिराचे पुत्र, तर मू हे रिंगेरिके भागातील शेतकऱ्याचे. विद्यापीठप्रवेशाच्या परीक्षेची तयारी करताना त्यांची मैत्री जुळली व ती आयुष्यभर टिकली. पुढे आस्ब्यर्नसेन प्राणिशास्त्राचे अभ्यासक व वनाधिकारी झाले. मू धर्मोपदेशक आणि अखेरीस क्रिस्तियानसान्दचे बिशप झाले. एकाची प्रवृत्ती निरीक्षणाची, विनोदाची आणि भटकंतीची; दुसऱ्याची चिंतनाची व काव्याची. संग्रहाला या दोन्ही प्रवृत्तींचा लाभ झाला.

'नोर्स्के फोल्केएव्हेंत्यूर' म्हणजे 'नॉर्वेजियन लोककथा' या नावाने ओळखला जाणारा हा संग्रह १८४१ ते १८४४ या काळात लहान पुस्तिकांच्या रूपाने बाहेर पडला. पहिल्या पुस्तिकेवर संपादकांची नावेही नव्हती. पुढे १८५२ साली विस्तारित आवृत्ती निघाली. तिला मू यांची दीर्घ प्रस्तावना आणि पाठभेदांची नोंद करणाऱ्या टिपा जोडलेल्या होत्या. दरम्यान आस्ब्यर्नसेन यांनी एकट्याने 'हुल्ड्रा-कथा आणि लोकदंतकथा' हा दोन भागांतील संग्रह १८४५ व १८४८ मध्ये प्रसिद्ध केला. जॉर्ज वेब डेसेंट यांनी १८५९ साली केलेल्या इंग्रजी भाषांतरामुळे या कथा युरोपभर पोहोचल्या.

या दोन संग्रहांच्या नावांतील भेद महत्त्वाचा आहे. 'एव्हेंत्यूर' म्हणजे अद्भुतकथा. ती अनिश्चित काळात व अनिश्चित स्थळी घडते. तिच्यावर विश्वास ठेवावा अशी कथकाची अपेक्षा नसते. याउलट दंतकथा विशिष्ट डोंगराशी, विशिष्ट घराण्याशी बांधलेली असते आणि ती खरी म्हणून सांगितली जाते. गाईचे शेपूट असलेली रानातील रूपवती हुल्ड्रा ही दंतकथेची नायिका आहे. हा भेद ध्यानी घेऊनच दोन्ही प्रकारांसाठी दोन वेगळी निवेदनतंत्रे वापरली गेली.

४. भाषेचा पेच

या संकलकांपुढे तीन मार्ग होते. पहिला, शुद्ध डॅनिश ग्रांथिक भाषेत कथा लिहिण्याचा. त्यात कथेचा प्राणच गेला असता. दुसरा, ज्या बोलीत कथा ऐकली त्या बोलीत ती जशीच्या तशी उतरवण्याचा. तो शास्त्रदृष्ट्या योग्य असला, तरी प्रत्येक खोऱ्याची बोली निराळी असलेल्या देशात असा ग्रंथ बहुसंख्य वाचकांना दुर्बोध झाला असता. आस्ब्यर्नसेन आणि मू यांनी तिसरा मार्ग निवडला. शुद्धलेखन डॅनिशच ठेवायचे. परंतु वाक्याची ठेवण, शब्दांचा क्रम, संवादाची लय आणि डॅनिशमध्ये प्रतिशब्दच नसलेले शब्द हे सारे नॉर्वेजियन ठेवायचे. वरवर पाहता ही तडजोड वाटते, पण तिचे परिणाम दूरगामी झाले.

ग्रांथिक डॅनिशची वाक्ये लांब आणि गौण उपवाक्यांनी गुंतलेली असत. या कथांतील वाक्ये छोटी आहेत. ती 'आणि' व 'मग' यांनी जोडत पुढे जातात. भावनेचे वर्णन नाही, कृतीचे आहे. पात्र दुःखी झाले असे निवेदक सांगत नाही. ते काय करते तेवढेच सांगतो. ही ठेवण कथकाच्या श्वासावर बेतलेली आहे. नॉर्वेच्या शिक्षित वर्गाला या कथांतून प्रथमच असा अनुभव आला, की आपण घरी बोलतो त्या भाषेच्या जवळचे गद्य छापले जाऊ शकते आणि ते वाङ्मय ठरू शकते.

याच काळात ईव्हार ओसेन (१८१३–१८९६) यांनी बोलींच्या आधारे एक स्वतंत्र लेखनभाषा उभी केली. त्यांचे व्याकरण १८४८ साली व शब्दकोश १८५० साली प्रसिद्ध झाला. दुसरीकडे क्नूद क्नूदसेन यांनी डॅनिशचेच क्रमाक्रमाने नॉर्वेजियनीकरण करावे असा आग्रह धरला. आज नॉर्वेत ज्या दोन अधिकृत लेखनभाषा आहेत, त्या 'न्यूनोर्स्क' आणि 'बूकमोल' यांची मुळे या दोन विचारांत आहेत. लोककथांचे गद्य या दुसऱ्या मार्गावरील पहिले मोठे पाऊल ठरले. पुढील आवृत्त्यांत कथांची भाषा उत्तरोत्तर अधिक नॉर्वेजियन होत गेली. म्हणजे कथा एकदा लिहिली आणि स्थिरावली असे झाले नाही. भाषेबरोबर तीही बदलत राहिली. मौखिक कथेची परिवर्तनशीलता छापील रूपातही अशा रीतीने काही अंशी टिकून राहिली, असे म्हणता येईल.

५. कथांचे अंतरंग

या कथांचा प्रातिनिधिक नायक म्हणजे आस्केलाद. तीन भावांतील हा धाकटा. चुलीपाशी बसून राख उकरत राहणारा, घरच्यांच्या दृष्टीने निरुपयोगी. थोरले दोघे पेर आणि पोल आपल्या शहाणपणाच्या घमेंडीत निघतात आणि हरतात, आस्केलाद जिंकतो. मात्र तो बळाने किंवा पुण्याईने जिंकत नाही. कोणालाही निरुपयोगी वाटणाऱ्या वस्तूकडे लक्ष देण्याची त्याची वृत्ती त्याला जिंकवते.

'जिला कोणी निरुत्तर करू शकत नव्हते अशी राजकन्या' ही कथा या दृष्टीने पाहण्यासारखी आहे. वाटेने जाताना आस्केलादला मेलेला पक्षी, वेलीची फांदी, फुटक्या बशीचा तुकडा, वाकडी शिंगे, पाचर, झिजलेला तळवा अशा वस्तू सापडतात. प्रत्येक वेळी तो आनंदाने ओरडतो आणि प्रत्येक वेळी भाऊ त्या फेकून देण्यास सांगतात. शेवटी राजकन्येशी चाललेल्या वादात तिच्या प्रत्येक टोमण्याला उत्तर म्हणून त्याच्या खिशातून यांपैकी एकेक वस्तू निघते आणि राजकन्येला शब्द उरत नाहीत. येथे कथेची रचना आणि तिचा अर्थ एकरूप झाले आहेत. पूर्वार्धात जमा झालेल्या वस्तू उत्तरार्धात एकेक करून खर्च होतात. श्रोत्याला पुढे काय निघणार याचा अंदाज येऊ लागतो आणि तरीही गंमत उणावत नाही. तीन वेळा येणारी पुनरुक्ती, शेवटच्या क्रमावर पडणारे वजन आणि दोन पात्रांचा समोरासमोरचा संवाद हे मौखिक कथेचे जे नियम डॅनिश अभ्यासक आक्सेल ओल्रिक यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी मांडले, त्यांची स्पष्ट उदाहरणे या कथांत मिळतात. 'तीन बोकड' या सुप्रसिद्ध कथेत तर या नियमांखेरीज दुसरे जवळजवळ काही नाही.

राजाचे चित्रणही लक्षणीय आहे. या कथांतील राजा म्हणजे एखादा सधन शेतकरीच. तो अंगणात उभा राहून येणाऱ्याची चौकशी करतो. त्याचा राजवाडा मोठ्या शेतघरासारखा भासतो. नॉर्वेत सरंजामशाही फारशी रुजली नव्हती आणि स्वतःची जमीन कसणाऱ्या शेतकऱ्यांचा वर्ग मोठा होता. शिवाय कित्येक शतके राजा कोपनहेगनमध्ये राहत असल्याने दरबार कथकाने कधी पाहिलेलाच नव्हता. ओद्द स्नोर्रासोनने केलेली जुनी तक्रार येथे आठवते. राजाला खाली खेचणे हा या परंपरेचा जुनाच स्वभाव होता. सामाजिक वास्तवाने त्याला नवे रूप दिले.

विनोदी कथांत घरगुती श्रमाचे चित्र येते. 'घर सांभाळायला निघालेला नवरा' या कथेत बायकोच्या कामाला नावे ठेवणारा नवरा एक दिवस कामांची अदलाबदल करतो. गाईला चरायला न्यायला वेळ नाही म्हणून तो तिला गवत उगवलेल्या छपरावर चढवतो, दोर धुराड्यातून आत सोडून स्वतःच्या पायाला बांधतो. गाय घसरते आणि तो धुराड्यात लटकतो. शेतावरून परतलेली बायको कोयत्याने दोर कापते, तेव्हा तो उलटा लापशीच्या भांड्यात पडतो. मातीचे छप्पर, धुराडे, लापशीचे भांडे ही नॉर्वेजियन शेतघराची प्रत्यक्ष सामग्री आहे. कथाप्रकार आंतरराष्ट्रीय आहे, पण त्याला आलेले शरीर स्थानिक आहे.

६. कथनाची चौकट

अद्भुतकथांच्या संग्रहात संकलक अदृश्य राहतात. हुल्ड्रा-कथांत मात्र आस्ब्यर्नसेन यांनी वेगळी युक्ती योजली. तेथे एक शहरी निवेदक मासेमारीसाठी किंवा शिकारीसाठी हिंडत असतो. पाण्यावर चालणाऱ्या गिरणीत, जमीनदाराच्या स्वयंपाकघरात, डोंगरावरील शिकाऱ्यांच्या झोपडीत त्याला माणसे भेटतात आणि ती कथा सांगतात. कथेभोवती निसर्ग आहे, हवामान आहे, श्रोत्यांचे शेरे आहेत, एकाची गोष्ट ऐकून दुसऱ्याला सुचलेली गोष्ट आहे. या चौकटी लिहिताना आस्ब्यर्नसेन यांना लेखिका कामिला कोलेत यांचे साहाय्य लाभले होते.

दंतकथा ही प्रसंगाविना निर्जीव असते, हे आस्ब्यर्नसेन यांनी ओळखले होते. पुढे लोकसाहित्यशास्त्राने कथनप्रसंगाचा अभ्यास आवश्यक मानला. त्याची वाङ्मयीन पूर्वखूण येथे दिसते. चौकटीतील निवेदक ग्रांथिक भाषेत बोलतो आणि कथक बोलीच्या जवळ जाणाऱ्या भाषेत. हे भाषिक अंतर म्हणजे सामाजिक अंतरही आहे. निवेदक ऐकतो, आनंद घेतो आणि परत शहरात जातो. कथक मात्र तेथेच राहतो.

या चौकटींपैकी एकीने नॉर्वेजियन वाङ्मयाला मोठे देणे दिले. रोंदाने पर्वतातील शिकारीच्या प्रसंगात गुद्ब्रांसदाल खोऱ्यातील पेर गिंत या शिकाऱ्याच्या कथा येतात. अंधारात वाट अडवणाऱ्या 'बोयग' या अदृश्य प्राण्याशी त्याची गाठ पडते. त्याच्याविषयी असेही सांगितले जाते, की जुन्या काळी घडलेल्या सर्व गोष्टींत आपण स्वतः होतो, अशी बढाई तो मारत असे. म्हणजे पेर गिंत हा कथेचा विषय असून स्वतः कथकही आहे. हेन्रिक इब्सेन यांनी १८६७ साली लिहिलेल्या 'पेर गिंत' या नाट्यकाव्याचे बीज येथे आहे. सांगितलेल्या कथांतच जगणाऱ्या आणि त्यामुळे स्वतःचा गाभा हरवून बसलेल्या माणसाची शोकांतिका इब्सेन यांनी या एका लोकप्रिय बढाईखोरातून उभी केली.

७. एक तुलना : दैत्याचे हृदय आणि पंचकिनचा पोपट

नॉर्वेजियन कथांचा आणि आपल्या प्रदेशातील कथांचा एक खरा संबंध येथे नोंदवला पाहिजे. 'ज्याच्या अंगात हृदय नव्हते असा दैत्य' या कथेत सहा राजपुत्रांना व त्यांच्या वधूंना दैत्य दगड करून टाकतो. धाकटा सातवा भाऊ त्यांच्या शोधात निघतो. दैत्याकडील बंदिवान राजकन्या गोड बोलून हृदयाचे ठिकाण विचारते. दैत्य दोनदा खोटे सांगतो; ती त्या जागा फुलांनी सजवते. तिसऱ्यांदा तो खरे सांगतो : दूरच्या तळ्यात बेट, बेटावर चर्च, चर्चमध्ये विहीर, विहिरीत बदक, बदकात अंडे आणि अंड्यात हृदय.

मुंबई इलाख्याचे गव्हर्नर बार्टल फ्रिअर यांची कन्या मेरी फ्रिअर यांच्या 'ओल्ड डेक्कन डेज' (१८६८) या संग्रहात 'पंचकिन' ही कथा आहे. तेथेही सात राजकन्या व सात राजपुत्र आहेत, दगड झालेली माणसे आहेत, बंदिवान स्त्रीने गोडीने काढून घेतलेले रहस्य आहे. फक्त जादूगाराचा जीव अंड्यात नसून दूरच्या अरण्यात, पाण्याच्या सहा घागरींखाली ठेवलेल्या पिंजऱ्यातील पोपटात आहे. देहाबाहेर ठेवलेला जीव हा कल्पनाबंध किती दूरवर पसरला आहे, हे दाखवताना अभ्यासकांनी या दोन कथा शेजारी ठेवल्या आहेत.

परंतु प्रस्तुत लेखाच्या दृष्टीने कथाप्रकाराच्या साम्यापेक्षा कथकाच्या स्थानातील फरक अधिक महत्त्वाचा आहे. फ्रिअर यांच्या कथा त्यांची आया अ‍ॅना लिबेराता डिसूझा यांनी सांगितल्या होत्या आणि त्यांनी त्या आपल्या आजीकडून ऐकल्या होत्या. संग्रहात अ‍ॅना यांचे नाव आहे आणि त्यांच्या तोंडून आलेली त्यांची जीवनकहाणीही आहे. मात्र कथा इंग्रजीत सांगितली गेली व इंग्रजीतच छापली गेली. तिची मूळ भाषा आपल्यापर्यंत पोहोचली नाही. नॉर्वेजियन संग्रहात याच्या उलट घडले. तेथे कथेच्या भाषेचा सांगाडा जपला गेला, पण पुस्तक उघडणाऱ्या वाचकाला कथक सहसा निनावीच राहिले. एका ठिकाणी कथक उरला आणि भाषा गेली. दुसऱ्या ठिकाणी भाषा उरली आणि कथक गेला. संकलनाच्या इतिहासाकडे पाहताना हे दोन्ही तोटे एकाच मापाने मोजावे लागतात.

८. गाळलेले आणि उरलेले

संकलकांनी काय गाळले, हेही पाहणे आवश्यक आहे. आस्केलादचे मूळ बोलीतील एक नाव 'आस्केफीस' असे होते. राखेवर फुंकर घालून विस्तव जिवंत ठेवणारा, हा त्याचा अर्थ. परंतु 'फीस' या शब्दाला अपानवायूचा ग्राम्य अर्थही असल्याने ते नाव सौम्य करण्यात आले. सभ्य वाचकवर्गासाठी केलेल्या या फेरफारात नायकाचे विस्तव राखण्याचे काम नावातून नाहीसे झाले व केवळ राख उरली. कामुक आशयाच्या कथाही कागदपत्रांतच राहिल्या. त्या पुस्तकरूपाने वाचकांसमोर येण्यास १९७७ साल उजाडावे लागले.

नंतरच्या पिढीने संकलनाला शास्त्रीय शिस्त आणली. यर्गेन मू यांचे पुत्र मोल्त्के मू (१८५९–१९१३) हे नॉर्वेतील लोकसाहित्याचे पहिले प्राध्यापक. त्यांच्या परंपरेतून १९१४ साली नॉर्वेजियन लोकसाहित्य संग्रहालय उभे राहिले. युस्त क्विग्स्ताद यांनी १९२७ ते १९२९ या काळात सामी लोकांच्या कथांचे चार खंड प्रसिद्ध केले आणि 'नॉर्वेची कथा' ही एकाच भाषेची मालमत्ता नाही हे दाखवून दिले. राष्ट्रनिर्मितीच्या उत्साहात ही गोष्ट दीर्घकाळ नजरेआड राहिली होती.

वाङ्मयीन कथेवरील परिणामही ठळक आहे. ब्यर्नस्तेर्ने ब्यर्नसोन यांच्या १८५७ पासूनच्या शेतकरीजीवनावरील कथांत सागा आणि लोककथा या दोहोंची अल्पाक्षरी शैली दिसते. 'बाप' ही त्यांची कथा अवघ्या काही पानांची आहे. पण त्यात एका माणसाचे अख्खे आयुष्य, त्याने धर्मोपदेशकाकडे मारलेल्या मोजक्या फेऱ्यांतून, सांगून होते. भावना न बोलता कृती दाखवणारे गद्य ही लोककथेची देणगी येथे सजग वाङ्मयीन तंत्र बनली आहे.

९. समारोप

वरील विवेचनावरून काही निष्कर्ष काढता येतात. नॉर्वेजियन लोककथांचे यश त्यांच्या आशयाच्या वेगळेपणात नाही. बहुतेक कथाप्रकार आंतरराष्ट्रीय आहेत. ते यश कथकाची वाक्यरचना लिखित गद्यात आणण्यात आहे. त्यामुळे कथासंग्रह हा केवळ पुराव्यांचा साठा न राहता एका भाषेच्या घडणीचा भाग झाला. त्याच वेळी या यशाची किंमत कथकांच्या निनावीपणाने आणि गाळलेल्या मजकुराने मोजली गेली.

आपल्याकडे लोककथा संकलित करणाऱ्या अभ्यासकाला यातून एक प्रश्न स्वतःला विचारता येईल. मालवणी, अहिराणी किंवा वऱ्हाडी बोलीत ऐकलेली कथा आपण प्रमाण मराठीत उतरवतो, तेव्हा वाक्य कोणाचे असते, कथकाचे की आपले? आणि त्या कथेखाली जिचे नाव यायला हवे, ती स्त्री आपल्या टिपणवहीत तरी नावानिशी उरते काय? बोलीतील कथा जाणत्या तोंडांबरोबर संपत चालल्या आहेत. त्या मुळाबरहुकूम आणि नावानिशी नोंदवणे हे काम पुढच्या पिढीवर टाकता येण्यासारखे नाही. कहाणी 'सुफळ संपूर्ण' होते ती ऐकणाऱ्याने ती सांगणाऱ्याची आठवण ठेवली तरच.